तिबेरियूचे डोळे

रुक्सांद्रा कोझ्माइतकं स्वच्छ डोकं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. याश शहरात, एका केकच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती, आणि तिथं बसून तिनं डोळ्यांच्या पांढऱ्या भागातल्या तांबड्या रेषा वाचणारा प्रोग्राम लिहिला. बुबुळाच्या कडेनं पसरलेलं ते केसाहून बारीक जाळं प्रत्येकाचं निराळं असतं. मोबाईलकडे नुसतं पाहिलं की तो मालकाला ओळखून उघडणार, इतर कुणाला दाद देणार नाही. बाजारातल्या दोन जुळ्या भावांना ओळखताना त्यांच्या आईचीही गफलत व्हायची, आमच्या मोबाईलची कधी झाली नाही. सर्दी, जागरण, रडून लाल झालेले डोळे, कशानंही तो फसला नाही. एका मोठ्या बँकेनं हा प्रोग्राम घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

त्या फेब्रुवारीत तिचा नवरा तिबेरियू डोंगरातल्या गावी आईकडे गेला आणि बर्फानं रस्ता, फोन सगळंच बंद पडल्यामुळे तिकडेच अडकला. मग एका सकाळी तो कोटावरचं बर्फ झटकत ऑफिसच्या दारात उभा राहिला. आमचं दार भिंतीवर लावलेल्या मोबाईलकडे पाहिलं की उघडायचं. त्याच्यासाठी ते उघडेना.

"अरे सबिन, हा मला ओळखत नाही की!" त्यानं काचेतून हाक मारली.

"गावाकडे ढोसलीस किती ते सांग आधी," मी दार उघडत म्हणालो.

सगळे हसले. रुक्सांद्रानं मात्र मोठ्या कॅमेऱ्यावर त्याचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले. पडद्यावर दर वेळी एकच शब्द उमटला: अनोळखी. तिनं जुनं चित्र नव्याशेजारी ठेवलं. तेच घारे डोळे, पण रेषांचं जाळं साफ निराळं, दुसऱ्याच मुलखातल्या नद्यांसारखं.

"आपण पहिल्यांदा कुठं भेटलो?" तिनं हळूच विचारलं.

"कोपोऊच्या बागेत. तू माझ्या वर्तमानपत्रावर ओली छत्री ठेवलीस."

हनुवटीवरचा व्रणही जागच्या जागी होता. डॉक्टरांनी डोळे निरोगी असल्याचं सांगितलं.

बँकेची माणसं यायची होती. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "जुनी नोंद पुसून नवी घालू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," ती म्हणाली.

आणि बँकेच्या माणसांसमोर तिनं स्वतःहून दोन्ही चित्रं मांडली. "हा माझा नवरा आहे, असं मी म्हणते. प्रोग्राम म्हणतो, नाही. खूप शोधूनही मला त्याची चूक सापडलेली नाही." बँकेच्या तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीनं तपासलं, त्यांनाही दोन वेगळी माणसंच दिसली. स्वतःच्या मालकिणीचीही भीड न ठेवणारा प्रोग्राम त्यांनी त्याच दिवशी घेतला. तिच्याबद्दल इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

"मग माझी नवा माणूस म्हणून नोंद कर," खिडकीपाशी उभा असलेला तिबेरियू शांतपणे म्हणाला. तिनं केली.

पुढच्या रविवारी तिनं मला जेवायला बोलावलं. पूर्वी खुर्चीतून न उठणारा, तिच्या प्रत्येक बोलण्यावर तिरकस काही तरी बोलणारा तिबेरियू गुणगुणत कोबीच्या पानांत सारण भरत होता. तिचे हात कणकेनं माखले होते आणि तो काही तरी कानात बोलला तशी ती खळखळून हसली. तिचं असं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. तेवढ्यात फोन वाजला. तिनं कोपरानं बटण दाबलं, आणि सासूबाईंचा खणखणीत आवाज स्वयंपाकघरभर झाला.

"रुक्सांद्रा, फोन सुरू झाला गं एकदाचा! रस्ताही उघडलाय. उद्याच्या बसनं तिबेरियूला पाठवते. नुसता वैतागलाय इथं, सारखी चिडचिड चाललीय."

चुलीपाशी तिबेरियूचा हात थांबला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. रुक्सांद्रा त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"एवढी कसली घाई, आई," ती मायेनं म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच."