कानात सांगायचा हक्क

आमचे हे, राजगोपाल, कायदा शिकवून निवृत्त झाले, पण जिभेला कुठली निवृत्ती? रविवारी सकाळी आमच्या कुंभकोणमच्या घरी मुलं जमतात आणि मी कॉफी करता करता आंतरराष्ट्रीय कायदा ऐकते. त्या दिवशी पहिलाच धडा होता. देशादेशांतले तह वेगळे, समुद्राचा कायदा वेगळा, युद्धाचा वेगळा, निर्वासितांचा वेगळा. शेवटी हे म्हणाले, "आणि एक शाखा थेट घरात शिरते. नवरा एका देशात, बायको दुसऱ्या. मूल कुणाकडे?"

पापनाशमहून येणाऱ्या शरण्यानं विचारलं, "सर, आईनं न विचारता मूल आणलं तर?"

"त्यासाठी करार आहे. मूल आधी परत पाठवायचं, मग भांडायचं. आपल्या देशानं त्यावर सही केलेली नाही. करायला हवी होती," म्हणता म्हणता ह्यांचा आवाज खाली गेला.

कारण आतल्या खोलीत आमची लेक दिव्यश्री तिच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, कीर्तीच्या डोक्याला तेल लावत होती. टोरांटोहून सुट्टीपुरती म्हणून आली आणि परत गेलीच नाही. जावई गिरीश वाईट नाही. दोघांचं पटेना, एवढंच. पण पोटची पोर रडत दारात उभी राहिली की करार कुणाला आठवतो? मला तर नाही आठवला. ह्यांना आठवत होता, तरी तिला परत जा म्हणाले नाहीत.

कीर्तीची मुंज ठरली. बाप नाही तर आजोबा, मंत्र मीच सांगेन, असं ह्यांनी उत्साहात जाहीर केलं. आमचे पिढीजात भटजी चंद्रमौळी वाद्यार पानाला चुना लावता लावता थांबले.

"बाप नाहीं म्हणजे? वारला कीं हरवला?"

"कॅनडांत आहे."

"फोन उचलतो ना?"

ह्यांनी मान डोलावली.

"मग त्याचा हक्क तुम्ही कसा घेतां? बाप असतां मंत्र कानांत बापानेंच सांगावा. तुम्ही बसलांत तर मी नाहीं येत."

सर्वोच्च न्यायालय परवडलं, पण वाद्यार नको!

दिव्यश्री पांढरीफटक पडली. "अण्णा, तो आला तर कीर्तीला घेऊन जाईल."

"कोर्टांतून अडवूं शकतों," हे म्हणाले. "कोठें अर्ज द्यायचा तें मजला ठाऊक आहे. पण पोराच्या मुंजीला बाप नको, असें कोणत्या तोंडानें लिहूं? तूंच सांग."

संध्याकाळी तिनंच फोन लावला.

गिरीश आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मला त्याचा राग यायला हवा होता, आली ती कणव. मुहूर्ताला बाप, आई आणि मुलगा, तिघांवर तिरुभुवनमचं रेशमी वस्त्र धरलं. आतून मंत्राचं पुटपुटणं ऐकू आलं. ते संपलं आणि कीर्तीचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"अप्पा, आतां मला नेतोस?"

ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत, कधी नाही ते.

"न्यायला नाहीं आलों रे," गिरीश म्हणाला. "अम्माला विचारायला आलों. मजला तुझा अप्पा राहूं देईल का, म्हणून."

वाद्यारांनी वस्त्र उचलायला हात पुढे केला. दिव्यश्रीनं आतून त्याची कड घट्ट धरली आणि खाली ओढली.

"थांबा थोडें," ती रडत म्हणाली. "आमचें बोलणें व्हायचें आहे."