कंटोळीचा मांडव

रंजिताने गुन्हा केला होता आणि तो लपवलाही होता. पाळीच्या दुसऱ्या दिवशी शेजारची शेळी कंटोळीच्या मांडवात शिरली, तेव्हा ती आत धावली आणि शेळीच्या तोंडातून वेल सोडवले. सासूचा, सखूबाईंचा, नियम पक्का होता: ते चार दिवस सुनेने मांडवाला शिवायचं नाही. लग्नाला जेमतेम तीन महिने झालेले. आणि त्या दिवसापासून हरभऱ्याएवढी कंटोळी पिवळी पडून गळायला लागली ती थांबेचना.

करंजाडे गावातली शेती गेली, घरामागचा हा तुकडा तेवढा राहिला. सखूबाईंचा त्यात जीव. "कुनाचातरी हात लागलाय," त्या येता-जाता म्हणायच्या आणि रंजिता मान खाली घालून भांडी घासत राहायची. कबूल केलं तर जन्मभराचे टोमणे!

तीन आठवडे असे गेले. मग रानभाजी विकणारी ठमाबाई दारी आली. सखूबाईंनी तिला मांडव दाखवला. तिने चार फुलं उलटून बघितली आणि हसत सुटली.

"समद्या बायाच हायत गो! बाप्या येल कुटं हाय?"

कंटोळीत नराचा वेल वेगळा, मादीचा वेगळा. मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी गोळी असते. नराचा पराग मिळाला तर ती धरते, नाहीतर गळते.

सखूबाईंचा चेहरा पडला. "कोपऱ्यात दोन येल व्हते. एकबी फळ धरीनात, म्हनून मीच उपटलं."

इतकं हलकं रंजिताला लग्न झाल्यापासून वाटलं नव्हतं. त्या भरात ती बोलून गेली, "आई, मी शिवले होते वेलांना. पाळीत." सखूबाई वाकून गळलेली कंटोळी वेचायला लागल्या.

चार दिवसांनी, दिवेलागणीला, ठमाबाईने डोंगरावरून नराची फुलं पानात बांधून आणली. संध्याकाळी उमलणारी ती फुलं सकाळी माना टाकणार. सखूबाई फुलावर फूल टेकवायला गेल्या, पण अंधुक उजेडात त्यांना नीट दिसेना, नेम चुकत होता. रंजिता मागच्या दारात उभी होती.

"तितं काय करतेस? ये, तू लाव."

"आई, आज पहिला दिवस आहे."

"म्हाईत हाय मना. ये."

रंजिता मांडवात शिरली. पहिल्या फुलाला पिवळा पराग लागला, मग दुसऱ्याला. सखूबाई तिच्यासाठी वेल धरून उभ्या होत्या.

"मी नवी सून व्हते तवा आमचा मांडव असाच गळला," त्या हळूच म्हणाल्या. "सासूनं मना दोन वर्सं आत येव दिला नाय." त्यांनी पुढचा वेल वाकवून धरला. "तवाबी बाप्या येलच नसंल गो."