टबातल्या आम्ही दोघी

मित्रांनो, मी गोड्या पाण्यातली एक म्हातारी गोगलगाय आहे. म्हातारी म्हणजे दीड वर्षांची. भांडुपच्या एका गॅलरीतल्या टबात राहते. माझ्या डोक्यात एक गोंधळ आहे, तो तुम्हीच सोडवा.

टबात एक पांढरी लिली आहे. संघमित्राबाईंनी तिला मरोळच्या नर्सरीतून आणलं, तेव्हा तिच्या देठाला चिकटलेल्या अंड्यात मी होते. दोघींचं पाणी एक, चिखल एक. तिला मुळं, मला एकच पाय. ती उन्हाकडे धावते, मी उन्हापासून पळते. तिची कुजलेली पानं मी खाते, माझ्या घाणीवर ती पोसते. तरी ती लाडकी आणि मी कीड! हे कसं, मला कळत नाही.

बुद्धपौर्णिमेला दोन दिवस होते. कळी वर आली आणि पानांना भोकं दिसली.

"हिचंच काम! गोगलगाय नि पोटात पाय," संघमित्राबाई म्हणाल्या. "थांब, मीठ टाकते."

"आई, सकाळीच पंचशील म्हटलं ना आपण? जीव मारायचा नाही," त्यांची मुलगी चेतना म्हणाली.

बाईंनी मिठाचा डबा बंद केला. "मग काय पूजा करू हिची? घाल त्या बरणीत."

बरणी लोणच्याची होती. धुतलेली, तरी अंग चुरचुरत होतं. मी फार घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी पानाला नवं भोक! चेतनाने पान उलटलं, तर खाली हिरवी अळी. "आई, चोर वेगळाच निघाला यार!" अळीची रवानगी खालच्या झाडाजवळ झाली.

पौर्णिमेच्या सकाळी चेतनाने मला टबात सोडलं. "सॉरी हं," म्हणाली. लिली पूर्ण उमलली होती. मी आनंदाने तिच्याकडे निघाले, माझ्या चालीने. तेवढ्यात बाई कात्री घेऊन आल्या. फुलाला हळूच कुरवाळलं आणि देठ कापला.

"बुद्धांना वाहायचं. ते कोमेजतं, तसेच आपणही जाणार, हे लक्षात ठेवायचं," त्या लेकीला सांगत होत्या. आवाजात माया होती.

नकोशी वाचली आणि लाडकी कापली गेली. मित्रांनो, ज्याला जपता त्याला कशासाठी जपता, हे त्याच्याजवळ बसून एकदा तरी विचारा. मी तुटक्या देठाजवळ बसले आहे. तिला काय विचारावं, तेच मला सुचत नाही.