गुरुवारचा सहावा तास

गुरुवार. तास पहिला.

मुलं सोमवारी यायची होती. तरी घंटा आपली वेळेवर वाजत होती आणि रिकामे वर्ग ती मुकाट ऐकून घेत होते.

मी शिक्षकखोलीतल्या कॉम्प्युटरवर वेळापत्रकाची फाइल उघडली. सोमवार ते शनिवार, पहिला तास ते आठवा, पाचवी अ ते दहावी ड. प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट:

#REF!

चोवीस वर्ग, दर वर्गाचे अठ्ठेचाळीस तास. मी गणिताची बाई, म्हणून आधी गुणाकार केला आणि मग घाबरले. एक हजार एकशे बावन्न.

गुरुवार. तास दुसरा.

"भावजी, फाइल गेली."

"गेली म्हणजे? उघडत नाही, की उघडते आणि रडते?"

"रडते."

"बंद करून परत चालू केलं?"

"तीनदा."

"कंट्रोल झेड?"

"मागे जायला काही उरलंच नाही. काल सेव्ह करून बंद केली होती."

"सेव्ह कशाला केली, वहिनी?"

"तुम्हीच सांगता ना, दर पाच मिनिटांनी सेव्ह करा म्हणून!"

फोनवरचे हे माझे दीर कॉम्प्युटर दुरुस्त करतात. स्वतःचा सल्ला असा अंगावर येण्याची त्यांना सवय आहे.

"बरं, काय पुसलंत ते सांगा. खरं सांगा हं. गिऱ्हाइकं सगळी म्हणतात, मी काहीच केलं नाही."

"एक रकाना पुसला."

"कुठला?"

"एच. लपवलेला होता. शिक्षकांच्या यादीच्या पानावर 'जी' रकान्यानंतर थेट 'आय' येत होता. मी उघडून बघितलं तर आत नुसते आकडे. फिकट, राखाडी. डोक्यावर नाव नाही, गाव नाही. वाटलं, कचरा आहे."

"आणि झाडू मारला."

"फाइल हळू चालत होती हो!"

"वहिनी, ही चूक म्हणजे काय ते सांगतो. सूत्रांना एका घराचा पत्ता दिलेला असतो. तुम्ही घरच पाडलंत. ती बिचारी आता रस्त्यात उभी आहेत. जुनी प्रत आहे?"

नव्हती. चित्रकलेचे सर दरवर्षी त्याच फाइलवर नवं वर्ष चढवायचे.

गुरुवार. तास तिसरा.

या सरांबद्दल सांगायला हवं. ते मागच्या सत्रात निवृत्त झाले. त्यांच्याआधी आमचं वेळापत्रक बनवायचं काम तीन आठवडे चालायचं, त्यात दोन भांडणं आणि एक राजीनामा ठरलेला. मग अकरा वर्षांपूर्वी ते म्हणाले, मी बघतो. चित्रकला शिकवणारा माणूस, कॉम्प्युटरचा वर्ग कधी केलेला नाही, एका बोटाने टाइप करणारा. त्यांनी सूत्रावर सूत्र रचत एक फाइल उभी केली. तीत शिक्षक आणि वर्ग भरले की कोणत्या तासाला कुणी कुठे जायचं ते ती स्वतः मांडायची. भांडणं बंद. का बंद झाली, हे कुणी विचारलं नाही. गळणारा नळ थांबला की कोण विचारतं?

ते गेले आणि फाइल माझ्या गळ्यात आली.

हेडबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "शनिवारी बारापर्यंत मला छापील प्रत हवी. नाही जमलं तर तयार प्रोग्राम घेऊन टाकू. मी नमुना पाहिलाय. सगळ्यांना समान न्याय, कुणाचे लाड नाहीत."

"जमेल, बाई."

"पडद्यावर ते काय लिहिलंय?"

"ते… चालू आहे काम."

गुरुवार. तास चौथा.

फोन सरांच्या पत्नीने उचलला. सर शिडीवर होते, भिंत रंगवत होते. खाली यायला त्यांना बराच वेळ लागला.

"एच पुसला?"

"हो."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी विचारलं, "जेवलात का?"

"नाही अजून. सर, तुमच्याकडे प्रत असेल ना?"

"नाही. लोकांचं होतं ते. घरी कशाला आणू?"

"पण होतं काय त्यात?"

"पहिला आकडा वार, दुसरा तास. त्या वारी त्या तासाला त्या माणसाला वर्ग द्यायचा नाही. एवढंच."

"का द्यायचा नाही?"

"हा प्रश्न एचमध्ये नव्हता."

मी त्यांची सूत्रं तोवर उकलून बघितली होती. इंग्रजी खुणा काढून टाकल्या, तर एक हजार एकशे बावन्न चौकटींत आत एकच वाक्य होतं:

= जर ( या माणसाला हा तास अवघड असेल ; दुसरं कुणी शोध ; याला दे )

"सर, आकडे आठवतात का?"

"एकतीस जणांचे? आठवत असते तर लिहिले कशाला असते? तुम्ही शोधून काढा. मी हो-नाही सांगतो."

"शोधू कुठे?"

"मी केलेलं सगळं भिंतीवर आहे की."

शुक्रवार. तास पहिला ते तिसरा.

शिक्षकखोलीच्या फळ्यावर दरवर्षीचं वेळापत्रक लागायचं ते जुन्यावरच. जुनं काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, फक्त टाचण्या लांब होत गेल्या होत्या. मी सगळं बाड उपसलं. अकरा वर्षं, बोटभर जाड.

एका कागदावर एक वर्ष: डावीकडे शिक्षकांची यादी, पुढे अठ्ठेचाळीस चौकटी, वर्ग असेल तिथे काळी, मोकळा तास असेल तिथे पांढरी. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मोठ्या खिडक्या आहेत. मी दोन-दोन, तीन-तीन कागद एकावर एक धरून काचेला टेकवले. उजेड मागून आला.

भूगोलवाल्या बाई. गुरुवार. तीन वर्षं:

■ □ ■ ■ ■ □ ■ ■
■ ■ ■ □ ■ □ ■ ■
□ ■ ■ ■ ■ □ ■ ■

बाकीचे मोकळे तास वर्षागणिक इकडेतिकडे उड्या मारत होते. सहावा जागचा हलत नव्हता. चौथं वर्ष धरलं, सातवं धरलं. उजेड तिथूनच येत होता. चौथा वार, सहावा तास. पुसलेल्या आकड्यांतला एक मला आठवत होता, कारण आमच्या घराचा नंबर तोच आहे: शेहेचाळीस.

मी खुर्चीत बसले. अकरा वर्षं वर्ग बदलले, तुकड्या वाढल्या, प्रयोगशाळा एकाची दोन झाली, आणि या माणसाने दरवर्षी सगळा डोलारा नव्याने रचताना एका बाईंच्या गुरुवारच्या चाळीस मिनिटांना धक्का लागू दिला नव्हता. त्यांना न सांगता. आणि अशा एकतीस ओळी होत्या.

तयार प्रोग्राम आला तर सोमवारपासून हे सगळे पांढरे चौकोन काळे होणार होते. आदल्या दिवसापर्यंत मला फक्त माझी फजिती टाळायची होती.

शुक्रवार. तास पाचवा.

सर पुन्हा शिडीवर. फोन त्यांच्या बाईंच्या, पत्नीच्या कानाला.

"विचारा हो," त्या म्हणाल्या, "मी ओरडून सांगते."

"संगीताचे सर, सोमवार पहिला."

"अहो, संगीत, सोमवार पहिला! …हो म्हणतात."

"ग्रंथपाल, बुधवार चौथा."

"हो म्हणतात."

"इतिहासवाले, शनिवार तिसरा."

"नाही म्हणतात. योगायोग म्हणतात. हे काय, जुगार चाललाय का तुमचा?"

"तसंच समजा. खेळाचे सर, रोजचा पाचवा."

वरून काहीतरी लांबलचक आलं. बाई हसल्या. "हो म्हणतात. आणि म्हणतात, जेवण झाल्यावर त्यांना पळायला लावाल तर ते मैदानातच आडवे होतील."

एकोणतिसाव्याला मला राहवलं नाही. "भूगोलवाल्या बाईंचं काय असतं गुरुवारी? मला कळलं तर पुढच्या वर्षी नीट—"

खरडल्याचा आवाज झाला, मग सर स्वतः फोनवर आले.

"मला माहीत नाही."

"माहीत नाही?"

"अर्ध्यांचं मला माहीत नाही. त्या पाचव्या तासानंतर बाहेर जातात, सातव्याला परत येतात. येतात तेव्हा चेहरा धुतलेला असतो. पहिल्या वर्षी सुरुवातीला त्यांना तिथे नववी क दिली होती. चार गुरुवार बघितलं, मग आकडा घातला. विचारायचं कशाला? विचारलं की माणसाला उत्तर तयार करावं लागतं."

मी भूगोलाच्या ओळीत शेहेचाळीस भरले. मग म्हटलं, "सर, एक माझंही आहे. मला तुम्ही कधीच पहिला तास दिला नाही. एकदाही नाही. तुमच्या कसं लक्षात आलं, मला सकाळी घरचं सगळं आवरून—"

"अहो, नाही नाही. तुम्ही पहिल्या तासाला फार चिडता. मुलं घाबरतात. ती मुलांची सोय होती."

मागून बाईंचं हसू ऐकू आलं. मला राग यायला हवा होता. मी माझ्या ओळीत सहाही वारांचे आकडे निमूट भरले.

"आणि नवे जीवशास्त्राचे सर?" मी विचारलं. "त्यांचा भिंतीवर कागदच नाही."

"मी त्यांना पाहिलेलंही नाही. तुम्ही बघा. तुम्हाला गुणाकार येतात, बघणंही जमेल."

शुक्रवार. तास सातवा.

सगळे शिक्षक वरच्या मजल्यावरच्या बैठकीला चालले होते. नवे सर तरुण, हसतमुख, सगळ्यांना आधी जाऊ देणारे. फारच सभ्य, असं मी पहिल्या दिवशी मनात लिहून टाकलं होतं. आज जिन्याच्या तोंडाशी थांबून बघितलं. त्यांनी शेवटच्या माणसाला जाऊ दिलं. मग कठडा धरला, उजवा पाय टेकवला, डावा शेजारी आणला. पुन्हा उजवा. वळणावर थांबून त्यांनी भिंतीवरची सूचना वाचली. तिथे सूचना नव्हती, रिकाम्या फलकाची नुसती काच होती.

मी आवाज न करता परत आले. एच रकान्यात तास आणि वार होते, मजल्यांची सोय नव्हती. त्यासाठी सूत्रात आणखी एक 'जर' घालावं लागलं. पहिल्यांदा कंस चुकला. दुसऱ्यांदा स्वल्पविराम. तिसऱ्यांदा फाइल गोठली आणि माझे दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, आधी प्रत काढा, मग खेळा." प्रत काढली. चौथ्यांदा जीवशास्त्राचे सगळे तास तळमजल्यावर उतरले आणि एकही वर्ग उघडा पडला नाही.

एक हजार एकशे बावन्न चौकटी. प्रत्येकीत माणसाचं नाव.

शनिवार. अकरा वाजून पन्नास मिनिटे.

हेडबाई नववीला भाषा शिकवतात, म्हणून यादीत त्यांचीही ओळ आहे. मंगळवार दुसरा. अकराही वर्षं उजेड तिथून आला होता आणि सरांनी शिडीवरून "हो" म्हटलं होतं. मंगळवारी त्या वेळी त्यांच्या खोलीचं दार आतून लावलेलं असतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही समजत होतो, फायली बघतात.

त्यांनी कागद हातात घेतला. "हे बघा, काम झालं ते चांगलंच. पण मी प्रोग्रामवाल्यांना जवळजवळ हो म्हटलंय. ही फाइल एका माणसाच्या लहरीवर चालायची. कुणाला कसले तास, कुणाला कसले. नियम एक हवा."

एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुमचा मंगळवार बघा. तीन शब्द पुरे होते, प्रोग्राम तिथल्या तिथे परत गेला असता.

ते वाक्य बोलले असते तर एच रकाना पुन्हा पुसला गेला असता, यावेळी कायमचा.

मी म्हटलं, "ज्याचे जेवढे तास ठरलेत तेवढेच आहेत, बाई, कुणाला एकही कमी नाही. मोजून बघा. नियम तोच आहे."

त्यांनी मोजले. मग, कुणीही करतो तसं, बोट स्वतःच्या ओळीवर नेलं. सोमवार. मंगळवार. बोट थांबलं. त्या कागदाकडे बघत होत्या की त्याच्या पलीकडे, मला सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे आपोआप येतं?"

"फाइलमधून येतं, बाई."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि खाली सही केली. मग फोन जवळ ओढला, क्रमांक फिरवला आणि कुणाला तरी सांगितलं की यंदा प्रोग्राम नको, आमचं आहे ते चालतंय. फोन ठेवल्यावरही त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "फळ्यावर लावून टाका," म्हणाल्या.

सोमवार. पहिल्या घंटेआधी.

शिक्षकखोलीत गर्दी. एकेक जण फळ्याशी येऊन आपली ओळ शोधत होता. भूगोलवाल्या बाईंनी गुरुवार बघितला आणि हजेरीपट उचलून त्या निघाल्या. नव्या सरांनी दोनदा वाचलं, खिशातल्या वहीत टिपून घेतलं आणि शेजारच्यांना विचारलं, "जीवशास्त्र इथे खालीच असतं का?" शेजारचे म्हणाले, "असेल बुवा."

मी कपाटाशी उभी राहून वाट बघत होते, कसली ते मलाच नीट माहीत नव्हतं.

शेवटी खेळाचे सर माझ्याकडे वळले. "बाई, हे तुम्ही केलंत ना?"

"हो."

"अक्षर केवढं बारीक! डोळे फुटले माझे. दरवर्षी चित्रकलेच्या सरांना सांगायचो, मोठं करा, मोठं करा. अकरा वर्षांत ऐकलं नाही त्या माणसाने. तुम्ही तरी ऐका."

"पुढच्या वेळी करते," मी म्हटलं.