दुसरा ब्रेक

"आई, पाय वर घे," लेक म्हणाली.

"वर म्हणजे कुठे? डोक्यावर ठेवू?"

"तू दाबते आहेस."

दाबतच होते. समोरचा सिग्नल पिवळा झाला होता आणि माझा उजवा पाय न विचारता आपल्या जागी जाऊन बसला होता. त्या जागी आता काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी. काल संध्याकाळी गॅरेजवाल्याने माझ्या बाजूचा ब्रेक काढून टाकला आणि गाडीच्या तळाला राहिलेल्या दोन भोकांत रबरी बुचं बसवली. त्यातल्या एका बुचावर माझी टाच होती.

मी गाडी शिकवते. अठरा वर्षं झाली. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा माझ्या. शिकणाऱ्याला वाटतं, आपण वेळेत थांबलो. तो थांबलेला नसतो, मी थांबवलेलं असतं. तोंडावर सगळे मला मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकबाई. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईटही वाटत नाही. अठरा वर्षांत माझ्या गाडीला एकही माणूस धडकलेला नाही.

ही गाडी त्यातली बारा वर्षं माझ्या क्लासची होती. आता ती लेकीची झाली. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तीनशे किलोमीटरवर. तिथे एक खोली घेतली, एकटीनेच राहायचं ठरवलं आणि गाडी घेऊन एकटीनेच जायचं, तेही आजच. मी म्हटलं, बरोबर येते, आठ दिवस राहते, घर लावून देते. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, तीनशे किलोमीटर एकटीने चालवणं म्हणजे खेळ नव्हे. ती म्हणाली, नको. चार दिवस आमच्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता.

शेवटी तोड निघाली ती परीक्षेची. घरापासून शहराबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत तिने चालवायचं आणि मी शेजारी बसायचं. नियम क्लासमधलाच. मला गाडीला हात किंवा पाय लावावा लागला, तर शिकणारा नापास, वाद नाही. ती नापास झाली तर मी तिच्याबरोबर जाणार, आठ दिवसांसाठी. पास झाली तर पंपावर मुकाट्याने उतरणार. माझी बॅग मी आदल्या दिवशीच भरून डिकीत ठेवली होती. लेकीने ती बघितली, तिच्यावर आपली उशी ठेवली आणि डिकी बंद केली.

मला ती नापास व्हायला हवी होती. आई असून असं म्हणते म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडो.

सिग्नल हिरवा झाला. तिने गाडी झटका न देता उचलली. दवाखान्यापाशी वेग कमी केला, शाळेपाशी आणखी कमी केला, उभ्या बसला वळसा घालताना आरसा बघितला. मी चूक शोधत होते आणि चूक सापडत नव्हती. हिला मी शिकवलेलंच नाही. म्हणजे शिकवायला घेतलं होतं, पण तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात गाडी बाजूला लावून ती उतरली आणि चालत घरी गेली. "तू मला चालवूच देत नाहीस," म्हणाली. मग आमच्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या क्लासला नाव घातलं. महिनाभर लोक मला विचारत होते, "मॅडम, मुलगी तिकडे कशी?" आपलं हसं आपल्याच दारात.

"रोज फोन करायचा," मी म्हणाले.

"करेन."

"रोज म्हणजे रोज. कामात होते, विसरले, असलं चालणार नाही."

"आई, पुढे बघू दे."

"बघ की. मी काय डोळे झाकलेत तुझे?"

ती हसली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडली होती. तिलाही ही परीक्षा जड जात होती. मला दिसत होतं, तरी तोंडाला काही कुलूप लागेना.

"आणि एकटीला भीती वाटली तर?"

"वाटेल. तुला नव्हती वाटली?"

"मला कधी?"

"आपण निघालो तेव्हा."

त्या घरातून आम्ही निघालो तेव्हा ही सहा वर्षांची होती. घर तिच्या वडिलांचं. आता तो माणूसही नाही आणि मला त्याच्याबद्दल बोलायचंही नाही. भर दुपारी मी भावाची गाडी आणली, हिला मागच्या सीटवर बसवलं, दोन पिशव्या टाकल्या आणि निघाले. आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही.

"तुझ्याकडे कच्चं लायसन्स होतं," ती म्हणाली. "सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये आलीस. इंजिन नुसतं किंचाळत होतं. मी मागे कान झाकून बसले होते."

"तिसरा पडत नव्हता."

"हो ना. तुझी परीक्षा कोणी घेतली होती, आई?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात डावीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला बाहेर आला. पाठीवर भली मोठी चौकोनी पेटी, त्यामुळे त्याला बाजूचं काही दिसत नव्हतं, आणि तो सरळ आमच्या पुढ्यात. माझा पाय रबरी बुचावर आदळला. तिथे काही नाही हे पायाला कळलं आणि हाताने हँडब्रेक ओढला.

टायर किंचाळले. गाडीची मागची बाजू आडवी सरकली आणि इंजिन बंद पडलं. मागून एक टेम्पो करकचून ब्रेक मारत आला आणि आमच्या डिकीपासून वीतभर अंतरावर थांबला. सायकलवाला केव्हाच रस्ता ओलांडून गेला होता. त्याने वळूनही बघितलं नाही.

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "ओ ताई, घरून शिकून निघत जा जरा. मेलो असतो ना आत्ता."

लेकीने हात वर करून माफी मागितली. माझ्याकडे बघितलं नाही. गाडी चालू केली, आरसा बघितला, वळायचा दिवा लावला आणि रस्त्याच्या कडेला आणून उभी केली. मग इंजिन बंद केलं.

"सांग," ती म्हणाली. "तू हात लावलास. मी नापास?"

आता जे सांगते ते फक्त माझ्या धंद्यातल्या माणसाला कळेल. ब्रेक लागला की गाडीचं नाक जरासं खाली जातं आणि पट्टा छातीला किंचित आवळतो. अठरा वर्षं शेजारच्या सीटवर काढली की शिकणाऱ्याचा पाय बघावा लागत नाही, तो अंगाला कळतो. मी हँडब्रेक ओढण्याआधी नाक खाली गेलं होतं. पट्टा आवळला होता. तिने सायकलवाल्याला माझ्याआधी बघितलं होतं आणि माझ्याआधी ब्रेक मारला होता. मी काहीच केलं नसतं तर गाडी शहाण्यासारखी थांबली असती आणि टेम्पोही. आम्हा दोघींना मारायला मीच निघाले होते.

"नापास," मी म्हणाले.

मला वाटलं, ती भांडेल. भांडायला हवं होतं. उत्तरंही मी तयार ठेवली होती.

"बरं," ती म्हणाली.

तिने पट्टा सोडला. खाली उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि माझं दार उघडून उभी राहिली. चावी माझ्यापुढे धरली.

"हे काय?"

"तू चालव. मी इकडे बसते. घरमालकिणीला फोन करून सांगते, दोघी येतोय म्हणून." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. त्या घरात आठ वर्षं मीही असंच 'बरं' म्हणत होते. भाजीला आज जाऊ नकोस, बरं. भावाला फोन कशाला, बरं. तो माणूस कधी ओरडायचाही नाही. तुझ्या काळजीपोटीच सांगतो, एवढंच म्हणायचा.

मागून गाड्या जात होत्या. चावी तशीच पुढे धरलेली होती.

"तू आधी ब्रेक मारला होतास," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"परीक्षा तू घेत होतीस."

मला रडू आलं आणि त्याचा रागही आला. पदराला चष्मा पुसला, पट्टा पुन्हा नीट लावला. "जा, बस तिकडे," मी म्हणाले. "रस्त्याच्या कडेला अशी उभी राहू नकोस. गाड्या येतात."

पुढचे सहा किलोमीटर मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. एक ट्रक अंगावर आल्यासारखा आला, तिने त्याला जाऊ दिलं. एक कुत्रा आडवा आला, तिने तो सांभाळला. पाय किती वेळा दाबला गेला ते विचारू नका. ती एकदाच म्हणाली, "आई, बूच आत जाईल." तेवढं एक वाक्य, पण मला बरं वाटलं.

पंपावर तिने टाकी भरली. मी डिकी उघडली, उशी बाजूला केली आणि बॅग काढली. आठ दिवसांची बॅग, चांगलीच जड होती.

"पुढच्या महिन्यात ये," ती म्हणाली. "तोपर्यंत माझी खोली लागलेली असेल."

"बघू."

"बघू नाही. ये." मग ती गळ्यात पडली आणि बराच वेळ सुटली नाही. शेवटी मीच म्हटलं, "जा आता, ऊन वाढेल."

ती निघाली. आरसा बघितला, दिवा लावला, थांबली, वाट मोकळी झाल्यावर रस्त्याला लागली. मी हात वर केला होता. तिने मान वळवली नाही, आणि चालवताना वळवायचीही नसते. आरशात दिसले असेन.

परतीची बस तासाभराने आली. ड्रायव्हरच्या मागचीच सीट मोकळी होती. शेजारच्या बाईंनी बॅग बघून पाय आत घेतले आणि विचारलं, "गावाला निघालात?"

"नाही हो," मी म्हणाले. "घरी चालले."

त्यांनी पुन्हा एकदा बॅगेकडे बघितलं. बस निघाली. ड्रायव्हर वेगात चालवत होता, पुढे चौक दिसत होता. मी बॅग खाली आडवी ठेवली आणि दोन्ही पाय उचलून तिच्यावर ठेवले.