रँक काढायला लायसन लागत नाही

यादोरावच्या फ्लेक्सच्या दुकानात सूड घ्यायची सगळी सोय होती, फक्त आजवर तशी ऑर्डर कुणी दिली नव्हती.

गोंदियात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची तेरवी असो, नाहीतर कुण्या पुढाऱ्याचा साळा कुठं सदस्य झालेला असो, मशीन यादोरावचीच धडधडायची. मुर्रीला घर, बाजारात दुकान, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि डोक्यात कायम कुणाची तरी फजिती. पन्नाशी उलटली तरी गडी सुधारला नव्हता. सुधारावं असं त्याला कुणी मनापासून म्हटलंही नव्हतं, कारण फजिती दुसऱ्याची झाली की सगळ्यांनाच मजा यायची.

त्या दुपारी मात्र त्याची बहीण रुख्माबाई बोदलकस्याहून आली ती तोंडाला पदर लावूनच. मागून तिची पोरगी चेतना. दोघी सरळ कॉलेजातून आल्या होत्या.

"नाही देत म्हनते," रुख्माबाई स्टुलावर बसत म्हणाली. "दोन्ही सालाची फी भरा, मंग ओरिजिनल न्या म्हनते."

चेतना महाशिखर ग्लोबल बिझनेस स्कूलमध्ये एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. राइस मिलच्या जुन्या गोदामाला काचा लावून महाशिखर तयार झालं होतं. पाऊसपाण्याच्या दिवसांत वर्गात अजून कोंड्याचा वास यायचा. मार्केटिंगचे सर दिवाळीला गावी गेले ते गेलेच. मग त्यांचं पुस्तक ऑफिसातला क्लार्क रामलाल मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मध्ये फोन आला की बोट ठेवून बाहेर जायचा. प्लेसमेंटला म्हणून एक कंपनी आली. तिनं पोरांना गल्लोगल्ली पाण्याचे फिल्टर विकायला धाडलं, आणि संध्याकाळी पोरांच्याच घरी एकेक फिल्टर बसवून कंपनी निघून गेली.

चेतनानं गपचूप पुन्हा सीईटी दिली. नागपूरला विद्यापीठाच्या सरकारी एमबीए विभागात नंबर लागला. आता महिना संपायच्या आत तिथं दहावीपासूनच्या सगळ्या मूळ मार्कशीटा आणि टीसी दाखवल्या नाहीत, तर ती सीट दुसऱ्याला जाणार होती. आणि कागद सगळे महाशिखरच्या डायरेक्टरच्या कपाटात. ॲडमिशनच्या दिवशी 'चेक कराले' म्हणून घेतले, ते आतच राहिले.

"ऑनलाइन तक्रार केली, मामाजी," चेतना म्हणाली. "तक्रार मिळाली असा मेसेज आला. मंग काहीच नाही."

"अना मले काय म्हनते तो देवेंद्र सर," रुख्माबाईचा आवाज फाटला. "म्हने, बाई, तुमाले रँक समजते का? मध्य भारतात तिसरा नंबर हाय आमचा. असं कॉलेज सोडनारी पोट्टी डोक्यानं कमी रायते म्हने. साऱ्या पोट्ट्यायसमोर म्हनला."

यादोरावनं खर्रा या गालातून त्या गालात नेला. "पन तुमी गेल्या कायले वो त्या कॉलेजात? मले एक फोन नाही केला."

"तिरोड्याच्या स्टँडवर फ्लेक्स होता ना. मध्य भारतात तिसरा. खाली कोपऱ्यात तुयाच दुकानाचं नाव. म्हटलं, भावानं छापलं, म्हंजे खरंच असन."

यादोरावचं चघळणं थांबलं. तो फ्लेक्स त्याला चांगला आठवत होता. ऑर्डर आली तेव्हा मजकुरात 'चौथा' होतं. मग देवेंद्र सरांचा फोन आला, चौथा बरा नाही दिसत, तिसरा कर. यादोरावनं एका बोटानं मध्य भारतातलं एक कॉलेज एक पायरी वर चढवलं होतं, आणि हसत चहा मागवला होता.

"मी बी तसंच केलं," चेतना म्हणाली. "कोन शिकवते, मागची पोट्टी कुठं लागली, वरच्या वर्षाच्या एकाले तरी फोन कराले पायजे होता. नंबर पायला अना गेली."

यादोराव उठला. शर्ट बदलला आणि सरळ महाशिखरला गेला.

देवेंद्र सर एसीत बसले होते. त्यांनी यादोरावला बस म्हटलं नाही.

"अरे यादोराव, तू फ्लेक्स छाप ना यार. एज्युकेशन तुझ्या लेव्हलचा मामला नाही. रूल इज रूल. और सुन, आलाच आहेस तर नवीन ॲडमिशनच्या फ्लेक्सचा माप घेऊन जा. सेवकराम शेठच्या विद्यासम्राटपेक्षा बडा पाहिजे."

यादोरावनं हात जोडले, माप घेतलं आणि बाहेर येऊन रस्त्यावर पिचकारी टाकली. सेवकराम शेठचं विद्यासम्राट समोरच्याच रोडवर होतं. दोन्ही कॉलेजांत सारखीच शिकवणी, म्हणजे नव्हती. भांडण फक्त फ्लेक्सच्या मापाचं. एकानं वीस फुटी लावला की दुसरा पंचवीस फुटी मागायचा, आणि दोघांचेही यादोरावच छापायचा. शेठच्या कॉलेजात एक गोष्ट बरी होती. तिथं कागद ठेवायला कपाटच नव्हतं, म्हणून मूळ कागद पोरांकडंच राहायचे.

ही एक गोष्ट घेऊन यादोराव संध्याकाळी निर्मलाबाईंकडं गेला.

निर्मलाबाई रिटायर हेडमास्तरीण. अर्ध्या गोंदियाला त्यांनी बाकावर उभं केलं होतं, त्यात देवेंद्र सरही होते. दिवाळीला कुणी मिठाईचा डबा पाठवला तरी त्या रिक्षानं परत पाठवायच्या, वर रिक्षाचं भाडं स्वतः द्यायच्या.

"मॅडम, कॉलेजची रँक काढाले काय लागते?"

"काय लागतं?"

"काहीच नाही लागत. मी नेटवर पायलं. कोनी मासिकवाला काढते, कोनी वेबसाइटवाला काढते. लायसन लागत नाही. मंग आपन काऊन नाही काढाचं?"

निर्मलाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी खोटं काढणार नाही, यादोराव."

"खोटं कोन म्हनते? खरं काढा. खरंच जास्त लागते मानसाले."

मग त्यानं बहिणीची सगळी गोष्ट सांगितली. निर्मलाबाई हसल्या नाहीत, पण वही ओढून बसल्या. पालक मंच नावाची त्यांची एक मंडळी होतीच. शाळेच्या रिक्षात किती पोरं कोंबतात असल्या गोष्टींवर ती भांडायची. आता मंचाच्या बाया दोन्ही कॉलेजांच्या फाटकावर उभ्या राहिल्या आणि पोरांना विचारलं. कोण शिकवतं, वर्ग होतो का, नोकरी कुणाला लागली, मूळ कागद कुणाकडं आहेत. शिकवण्यात दोघं सारखेच नापास. नोकरीत दोघं सारखेच. कागदांच्या रकान्यात विद्यासम्राटला पाच गुण, महाशिखरला भोपळा.

पुढं यादोरावनं कुणाला एक शब्द सांगितला नाही. देवेंद्र सर आपला फ्लेक्स बघायला दुकानात आले, तेव्हा कॉम्प्युटरवर दुसराच फ्लेक्स उघडा होता, एवढंच. सेवकराम शेठ हार घालून हसत होते, आणि वर मोठ्या अक्षरांत होतं, 'पालकांच्या पसंतीत नंबर एक'.

"ये क्या है?" सर खुर्चीत बसता बसता थांबले.

"अरे बाप्पा, हे नका पाहू सर. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं हाय." यादोरावनं माऊस शोधायला उगाच वेळ लावला. "पालक मंचाची रँक निंघून राहिली."

"आमचा कितवा?"

"दुसरा."

"दोन कॉलेजमध्ये दुसरा?"

"दुसरा बी काही वाईट नाही, सर."

सरांचं तोंड कडू झालं. मध्य भारतातला तिसरा आणि रोडवरचा शेवटचा, हे एकाच फाटकावर कसं लावायचं? "कोण आहे मंचात? बोल ना त्यांच्याशी. काही देवघेव..."

"निर्मला मॅडम हायेत."

सर एकदम सरळ बसले, जणू बाई दारातच उभ्या होत्या.

"अना फरक तरी कायचा हाय," यादोराव मशीनकडं पाहत म्हणाला. "पाच गुन. त्यायनं पोट्ट्यायचे ओरिजिनल ठेवले नाही, तुमी ठेवले. बाकी तुमचं त्यायचं सेम टू सेम."

"बस इतकंच? मग देऊन टाकू दहा-बारा जणांचे."

"मॅडम म्हनते, एकाचं राहलं तरी भोपळा."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू उगवलं. यादोरावला ते हसू आवडलं नाही, पण ऑर्डर आवडली. 'मूळ कागदपत्र सन्मान सोहळा'. हॉलमध्ये स्टेज, प्रमुख पाहुण्या निर्मलाबाई, प्रत्येक पोराला फाइल सरांच्या हस्ते. आणि नंबर एकचा फ्लेक्स तयार ठेवायचा, शेठच्यापेक्षा दीडपट.

"खाली बारीक अक्षरात कारन टाकाले लागन, सर. मॅडमची अट हाय. नंबर कायचा ते लिवल्याशिवाय त्या सही नाही करत."

"टाक रे काही पण. बारीक कोण वाचते."

सोहळ्याच्या दिवशी हॉल भरला. रुख्माबाई मागच्या रांगेत पर्स छातीशी धरून बसली होती. एकेक नाव पुकारलं गेलं, पोरं चढली, सरांनी फाइल दिली, फोटो निघाला, टाळ्या झाल्या. यादोराव भिंतीला टेकून मजा बघत होता. मग त्याची नजर स्टेजच्या मागच्या पायऱ्यांकडं गेली.

तिथं रामलाल खोका घेऊन बसला होता. पोरगं खाली उतरलं की फाइल हातातून काढून घ्यायचा आणि खोक्यात टाकायचा. "फोटोपुरती होती, बेटा. उद्या ऑफिसात ये."

दुष्काळी मदतीचे चेक, शाळेच्या ढाली, मोठ्या मोठ्या समारंभांत असंच चालतं, हे यादोरावला ठाऊक होतं. स्टेजवर देणं आणि स्टेजमागं घेणं. आपण इतकं शिजवलं आणि हे विसरलो, म्हणून त्यानं स्वतःलाच एक शिवी हासडली. चेतना रांगेत चौथी उभी होती.

तो सरळ स्टेजवर चढला आणि सरांच्या कानाशी लागला.

"सर, फोटो बेकार येऊन राहिले. मांगं नुसती भित हाय."

"मग फ्लेक्स लाव ना मागं."

"तो आत मावते कुठं? दीडपट तुमीच सांगतला. फाटकावर बांधला, रोडवर. अना तिकडं पेपरवाले आले, सेवकराम शेठ गॅलरीत उभा राहून पाहून राहिला. आता सारे पोट्टे हातात फाइल धरून त्या फ्लेक्सखाली उभे रायले, अना मंधात तुमी, तं शेठले आज जेवन नाही जाणार."

सरांच्या डोळ्यांत ते चित्र उभं राहिलं. दिसलंच. "रामलाल, फायली दे परत सगळ्यांना, रांगेतल्यांना पण. बाहर चलो सब. ग्रुप फोटो."

"पन सर," रामलाल खोका पोटाशी धरून म्हणाला, "बाहेर गेल्यावर..."

"तू डोकं नको चालवू. दे."

रस्त्यावर फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. खाली पोरांच्या रांगा, मध्ये सर, शेजारी निर्मलाबाई. समोरच्या गॅलरीत सेवकराम शेठ खरंच उभे होते, हातात चहाची बशी.

"फायली डोक्यावर धरा," यादोराव ओरडला. "सर, तुमी हासा. अजून. असं."

फोटो निघाला. सर पेपरवाल्यांकडं वळले आणि मुलाखत द्यायला लागले. रामलाल खोका घेऊन धावला, पण कुणाकुणाकडं धावणार? रस्ता दोन्ही बाजूंना जातो. पोरं ऑटोत बसली, कुणी सायकलवर, कुणी बापाच्या मागं मोटरसायकलवर. एका पोराला त्यानं बाहीला धरलं. निर्मलाबाईंनी नुसतं, "रामलाल, काय चाललंय?" असं विचारलं, आणि त्यानं बाही सोडली. चेतनानं फाइल ओढणीत गुंडाळली, आईचा हात धरला आणि दोघी मागं न बघता स्टेशनाच्या दिशेनं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून तिचा फोन आला. "झालं, मामाजी. चेक केलं, अना इथंच्या इथं वापस बी देल्ले."

"दिले? तसेच?"

"हो. इथं फ्लेक्स बी नाही कुठं."

निर्मलाबाईंनी शब्द पाळला. महाशिखरला पाच गुण मिळाले, शेठचा आणखी एक वर्ग बंद निघाला म्हणून त्यांचा एक गुण कापला गेला, आणि महाशिखर खरोखर नंबर एक झालं. त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाची निम्मी पोरं निघून गेली. काही नागपूरला, काही रायपूरला, दोघं वडलांच्या किराणा दुकानात. राहिलेल्यांनी शिकवायला माणूस मागितला, आणि आता त्यांना धमकवायला कपाटात काही नव्हतं.

नवीन ॲडमिशनला पालक यायचे, फाटकावर थांबून वर बघायचे आणि खालचं बारीकही वाचायचे. 'प्रत्येक विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे त्याच्याच हाती. पालक मंचाची पडताळणी'. आत जाऊन पहिलंच वाक्य बोलायचे, "कागद आमच्याकडंच राहतील ना, सर? वर लिवलं हाय."

महिन्याभरानं देवेंद्र सर दुकानात आले. या वेळी स्वतःच स्टूल ओढून बसले.

"यादोराव, तो फ्लेक्स उतरव यार."

"कायले उतरवता, सर? नंबर एक हाय."

"तू उतरव. मी सांगतो ना."

"उतरवला तं लोक म्हनतीन, रँक गेली. शेठ तं पेढेच वाटन." यादोरावनं खर्ऱ्याची पुडी उघडली, सरांपुढं धरली. सरांनी मान हलवली. "अना मॅडमले सांगाले लागन, काऊन उतरवला ते. मी नाही सांगत बा. तुमी जाऊन सांगा. घर तं माहीत हाय ना त्यायचं?"

सरांनी खिशातून कारची चावी काढली. मग उठले आणि गेले.

रविवारी रुख्माबाईनं जेवायला वाढताना विचारलं, "झाला ना आता तुया जीव थंडा?"

"नाही वो," यादोराव म्हणाला. "रोज सकाळी त्या फाटकासमोर पोहे खातो. तो कार घेऊन येते, वर पायते, खाली मान घालते अना आत जाते. दोन प्लेट होतात मायाकडून."

"सोडून दे आता. मानूस हाय तो बी."

यादोरावनं भातावर डाळ ओढून घेतली. "तुले पोट्ट्यायसमोर काय म्हनला होता, ते त्यानं येऊन तुयासमोर वापस घ्याव. मंग सोडतो."

आणि सोमवारी सकाळी तो पुन्हा पोह्यांच्या ठेल्यावर जाऊन बसला, फाटकाकडं तोंड करून.