हिरवा आकडा

केंद्रात त्याला सगळे फुंकर म्हणायचे. कॉम्प्युटर अडला की हा यायचा, खुर्चीत टेकायचासुद्धा नाही, उभ्याउभ्याच दोनचार बटणं दाबायचा आणि पडद्यावरची ब्याद गायब. जणू फुंकर मारली. कागदोपत्री त्याचा हुद्दा लांबलचक होता, पण तो कुणाच्या तोंडी बसला नाही. त्याला स्वतःला हे नाव आवडायचं, वरवर कुरकुर करायचा इतकंच.

मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठीचं केंद्र होतं ते. खाली वाट बघायची खोली, तिथे माणसं एकमेकांची नजर चुकवत बसलेली. वर तपासणीच्या खोल्या आणि अगदी टोकाला लॅब. प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर आणि प्रत्येक कॉम्प्युटरची एक रड. कुठे प्रिंटर सापडत नाही, कुठे फाइल आधीच दुसऱ्या कुणीतरी उघडलेली आहे, कुठे अनपेक्षित अडचण आली आहे. "अडचण काय सांगून येते का?" असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे. असले मेसेज वाचायचे नसतात, हा त्याचा बाणा. वाचलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की मला फोन करतो. त्यापेक्षा सरळ बंद करा. नाहीच गेला तर मशीन बंद करून चालू करा. बहुतेक मेसेज तेवढ्याने जातात, हे काही खोटं नव्हतं. उरलेल्यांचं काय, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

विचारणारी घरी होती. त्याची बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करायची आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय बाटली पुढे सरकवायची नाही. गिऱ्हाईक कितीही वैतागो. घरच्या कॉम्प्युटरवर काही आलं तरी तिचं तेच. चष्मा लावून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत मोठ्याने वाचायची.

"अगं, वाचत काय बसलीस? बंद कर."

"एवढं लिहिलंय तर कुणीतरी काहीतरी सांगायलाच लिहिलं असेल ना?"

"कंपनीवाले हात वर करायला लिहितात ते. तुझ्या-माझ्यासाठी नाही."

यावर दोघं हसायची. त्या घरात हसायला फारशी कारणं उरली नव्हती, त्यामुळे जी होती ती पुरवून पुरवून वापरली जायची. इतकी वर्षं इंजेक्शनं झाली, ऑपरेशनं झाली, दोनदा आशा लागली आणि दोनदा मातीला मिळाली. केंद्रात नोकरी म्हणून उपचारात सवलत मिळाली होती, पण शरीर कुणाला सवलत देत नाही. शेवटी केंद्राच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता नवीन काही मिळणार नाही. लॅबमध्ये तुमचे दोन भ्रूण गोठवून ठेवलेत, तेवढेच. ते जपू या आणि बायकोची तब्येत सावरली की गर्भाशयात सोडू या.

ते दोन म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत असे ठिपके. टाकीच्या तळाशी, द्रव नायट्रोजनच्या भयंकर गारठ्यात, एका बारीक नळीत. बायको त्यांना 'आपली दोघं' म्हणायची. तो संध्याकाळी घरी आला की चहाआधी तिचा प्रश्न ठरलेला. "कशी आहेत दोघं?" मग तो खिशातून फोन काढायचा. टाकीचं तापमान फोनवर दिसायचं, हिरव्या आकड्यात. तो म्हणायचा, "थंडीत पांघरूण ओढून झोपलीत. आईवर गेलीत, उठायचं नाव नाही." तीही तो हिरवा आकडा बघायची आणि तिच्या जिवात जीव यायचा.

आता तिची तब्येत सावरली होती. दिवस ठरला होता, येत्या गुरुवारचा. गोळ्याही सुरू झाल्या होत्या.

गंमत अशी, की याच टाकीच्या मेसेजने गेले काही महिने लॅबमधल्या ताईंच्या नाकी नऊ आणले होते. टाकीत तापमान मोजणारी एक तार सोडलेली, ती कॉम्प्युटरला जोडलेली. टाकी तापायला लागली की धोक्याचा कर्णा वाजायचा. आणि तारेकडून नीट माप आलं नाही, की पडद्यावर एक चौकट यायची आणि ताईंचा फोन घणघणायचा. ताई जेवत असोत, की आपल्या आजारी आईला आंघोळ घालत असोत, हातातलं टाकून धावत यायच्या. टाकी उघडून काठीने नायट्रोजनची पातळी मोजायच्या. टाकी ठणठणीत. असं एकदा नाही, पुन्हापुन्हा.

"दादा, मी वेडी होईन," त्या एक दिवस रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "आईला एकटीला सोडून येते मी. घालवा ना हे एकदाचं."

त्याने मनापासून प्रयत्न केले, हे कबूल करायला हवं. वायर बदलली, जोडणीची जागा बदलली, प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. चौकट आपली येतच राहिली. मोजणारी तारच आजारी असावी, असं त्याला वाटलं. कंपनी म्हणाली, काढून पाठवा, बघतो. पण काढली तर तेवढे दिवस टाकी आंधळी. दुसरी मागवायची तर वरची मंजुरी हवी, आणि मंजुरी कुणाच्या तरी टेबलावर मुक्कामाला गेली होती.

मग त्याला एक युक्ती सुचली. त्याने स्वतःच एक चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. चौकट आली रे आली, की हा प्रोग्रॅम ती बंद करणार आणि टाकीचं सॉफ्टवेअर नव्याने सुरू करणार. ताई हाताने करायच्या तेच, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत, फोन वाजायच्याही आधी. ताईंनी त्याचे दोन्ही हात धरले. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "आता सुटीच्या दिवशी काठी घेऊन यायची गरज नाही," तो ताईंना म्हणाला. "फोनवर दिसतंय की. आईजवळ बसा." घरी त्याने बायकोलाही फुशारकीने सांगितलं.

"पण त्यात लिहिलेलं काय असतं?" तिने विचारलं.

"असतं काहीतरी. नेहमीचंच."

एक गोष्ट त्याला माहीत होती आणि तिच्याकडे त्याने कानाडोळा केला. सॉफ्टवेअर नव्याने सुरू झालं, की माप स्थिर होईपर्यंत थोडा वेळ शेवटचा चांगला आकडाच दाखवायचं. हिरवा. आणि तेवढा वेळ कर्णाही गप्प राहायचा. थोडाच तर वेळ, त्याने काय बिघडतं?

मग त्या गुरुवारच्या आधी जोडून सुटी आली. त्याने आणि बायकोने घर आवरलं, कोपऱ्यातली छोटी खोली रिकामी केली. का करतोय, ते दोघंही बोलली नाहीत. मधूनमधून तो फोन बघायचा. हिरवा आकडा. "झोपलीत," तो म्हणायचा.

सुटीनंतरच्या सकाळी तो केंद्रात पोहोचला तेव्हा लॅबचं दार सताड उघडं होतं. ते कधीच उघडं नसायचं. आत ताई जमिनीवर बसल्या होत्या. टाकीच्या पत्र्यावरून बाहेरच्या बाजूने पाण्याचे ओघळ आले होते आणि खाली थारोळं साचलं होतं. झाकण काढलेलं. झाकण काढलं की टाकीतून पांढरी वाफ भसाभसा बाहेर येते, ती त्याने शंभर वेळा पाहिली होती. आता टाकीच्या तोंडावर काहीच नव्हतं. चुलीवरून उतरवून ठेवलेल्या रिकाम्या पातेल्यासारखी ती उघडी पडली होती.

"काठी कोरडी आली," ताई म्हणाल्या. "दादा, काठी कोरडी आली."

टाकीच्या दोन भिंतींमधल्या, गारठा धरून ठेवणाऱ्या निर्वात पोकळीला कुठेतरी चीर गेली होती आणि सुटीभर नायट्रोजन उडून गेला होता. आतली एकेक नळी खोलीइतकी कोमट झाली होती. किती जोडप्यांच्या होत्या, हा विचार त्याच्या मनात आला, पण खोटं कशाला सांगा, आधी त्याला फक्त दोनच आठवले.

त्याने पडद्याकडे पाहिलं. हिरवा आकडा. तो बघत उभा राहिला. जरा वेळाने आकडा थरथरला, चौकट उमटली, आणि त्याला तिच्यातला एक शब्दही दिसायच्या आत ती नाहीशी झाली. सॉफ्टवेअर नव्याने सुरू झालं. पुन्हा हिरवा आकडा. सगळी सुटी हेच चाललं असणार, आणि दर वेळी कर्णा गप्प राहिला असणार. ती चौकट येत होती, पुन्हापुन्हा येत होती, आणि त्याचा प्रोग्रॅम तिच्या तोंडावर हात ठेवत होता.

त्याने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच तिच्यात बसला. आपला प्रोग्रॅम थांबवला. वाट पाहिली. चौकट आली आणि या वेळी राहिली. ताईंचा फोन घणघणायला लागला, तो त्यांनी बंदही केला नाही. त्याने वाचलं. वाचायला काही जड नव्हतं, दोनच वाक्यं होती.

मोठ्या बाई आल्या, टाकीत बघितलं, भिंतीला टेकल्या. त्यांनी विचारलं, "कर्णा का नाही वाजला?"

"माझ्यामुळे," तो म्हणाला.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ताई म्हणाल्या.

बाईंनी दोघांकडे पाहिलं. रागवायलाही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं. "खाली लोक बसलेत," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगायला मी जाते. तू आधी घरी जा."

घरी जाण्याइतकी अवघड गोष्ट त्याने आयुष्यात केली नव्हती. बायको कामावर जायच्या तयारीत होती. टेबलावर पाण्याचा पेला आणि गोळ्यांचं पाकीट. त्याला अवेळी दारात पाहून ती उभी राहिली आणि तिने तो ठरलेला प्रश्न विचारला नाही. त्याच्या चेहऱ्यावर तिने वाचलं असावं. तिला वाचायची सवयच होती.

"दोघंही?" ती म्हणाली.

"सगळेच. टाकी फुटली. सगळी टाकीच गेली."

ती खाली बसली. पेल्यातलं पाणी हललं. रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पण फोनवर तर ठीक दिसत होतं. सकाळीसुद्धा." मग ती थांबली. "कॉम्प्युटरला कळलं नाही?"

इथे त्याला खोटं बोलता आलं असतं. कंपनीवर खापर फोडता आलं असतं आणि तिने विश्वासही ठेवला असता, निदान काही दिवस.

"कळलं होतं," तो म्हणाला. "मेसेज येत होता. सुटीभर येत होता. मी लिहिलेला प्रोग्रॅम तो बंद करत होता."

तिने पाकिटातली एक गोळी बाहेर काढलेली होती, ती तळहातावर तशीच होती.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"टाकीचं भरवशाचं माप मिळत नाही." "ताबडतोब जाऊन टाकी उघडून बघा."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने गोळी पुन्हा पाकिटाच्या फाटक्या खोबणीत ठेवायचा प्रयत्न केला. ती राहीना. मग ती टेबलावर ठेवून तिने चष्मा काढला. ती ओरडली असती, भांडली असती, तर त्याला सोसलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हताच.

"मी वाचला असता रे," ती म्हणाली.